कपाटाखालच्या वाट्या

मुंग्या चढू नयेत म्हणून जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे होते, आणि सोलापुरातल्या मे महिन्यातही ते पाणी आटत नव्हतं.

सागवानी कपाट पूनमच्या सासूबाईंच्या लग्नातलं. त्या गेल्यावर ते रिकामंच होतं. गिऱ्हाईक आलं होतं, पण दार उघडलं की अजून सायीचा वास येतो म्हणून त्यांचा मुलगा अजिनाथ दोन उन्हाळे "बघू की" म्हणत होता.

"पाणी तुम्हीच घालता ना?" पूनमने एकदा नवऱ्याला विचारलं.

"मला वाटलं तूच घालतीस. रिकाम्या कपाटाला कुठल्या मुंग्या लागतायत?"

मग दोघं लग्नासाठी जेऊरला गेली. निघताना पूनमने फडक्याने टिपून वाट्या कोरड्या केल्या, माठ पालथा घातला.

आठवड्याने कुलूप काढून ती थेट स्वयंपाकघरात गेली. माठ पालथाच होता. वाट्या काठोकाठ भरल्या होत्या. तिने बोट बुडवलं. पाणी माठातल्यासारखं गार होतं. शेजारच्या वाटीला तिने हात लावला नव्हता, तरी तिच्यातलं पाणी नुकतंच ओतल्यासारखं हलत होतं.

अजिनाथ दारातच थांबला होता. कपाटाकडे बघत तो हळू म्हणाला, "आई, कपाट उद्या देतोय. आता पाणी घालू नको."