सुलतानचा सराव

रोज संध्याकाळी अंगणात बसून मी जे वाचून दाखवतो, ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा या घरात एकच जण आहे, आमचा कुत्रा सुलतान. बसून बसून तो इतका लठ्ठ झाला, की जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, "मास्तर, पळवा त्याला, न्हाईतर हातचा जाईल."

एकुलता एक श्रोता गमावायच्या धास्तीनं मी इंटरनेटवर वाचून अंगणात उड्यांचा सराव मांडला. त्याला आरपार पळायला कापडी बोगदा ऑनलाइन मागवला, कडा गावच्या दुकानातून पीव्हीसी पाईप आणून अडथळे घरीच केले. उडी कशी मारायची हे दाखवताना मीच दोनदा आडवा झालो. शेजारचा तानाजी भिंतीपलीकडून हसला, "मास्तर, उड्या कुत्र्यानं मारायच्यात का तुमी?"

तीन महिन्यांत सुलतान सडपातळ झाला आणि चार फूट उंच अडथळ्यावरून अलगद उडी मारू लागला. पुस्तकी ज्ञानातून आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीतरी जमलं होतं. त्या आनंदात मी संध्याकाळी नवी कादंबरी उघडली.

 

दुसरं पान संपायच्या आत सुलतान उठला आणि भिंतीवरून उडी मारून तानाजीच्या अंगणात जाऊन बसला.