कलामूल्य नाही

गाठ दुहेरी होती आणि सुतळीची दोन्ही टोकं कात्रीने एकसारखी कापलेली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली निळ्या रंगाची ट्यूब दारापाशी ठेवून कोणीतरी पुन्हा निघून गेलं होतं. इराइदाने सवयीने गाठ निरखली. चिनी मातीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला असं सगळं बारकाईने बघायची खोड लागली होती.

हा रंग लेनिनग्राडमध्ये फक्त चित्रकार संघाच्या दुकानात, तोही सभासदांनाच मिळे, आणि तिच्या नवऱ्याला, इनोकेंतीला, संघाने केव्हाच बाहेर काढलं होतं. त्याला काढायच्या सभेत त्याच्याविरुद्ध उभा राहिला तो त्याचाच वर्गमित्र, वेनियामिन लुकिच. ही चित्रं नव्हेत, भिंतीला आलेली ओल आहे, असं तो म्हणाला होता. त्याच हिवाळ्यापासून ट्यूबा येऊ लागल्या. कोण ठेवतं ते कधी कळलं नाही.

इनोकेंतीने ट्यूब उचलून घेतली, तशी इराइदाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. आता रंग कशाला, बांधाबांध करायची आहे, एवढंच म्हणाली.

मागच्या महिन्यात साध्या कपड्यांतली दोन माणसं घरी येऊन चहा पिऊन गेली होती. जाताना त्यांनी अदबीने सांगितलं, पश्चिमेला जायचं नसेल तर पूर्वेला पाठवायची सोय होईल. पूर्वेला म्हणजे छावणीत, हे कोणी फोड करून सांगायला नको होतं. देश सोडायचे परवाने हातात होते. मुदत शनिवारी संपत होती. इनोकेंती मात्र हो म्हणेना की नाही म्हणेना. चित्रं सोबत आली तर बघू, म्हणाला.

चित्रं न्यायची तर ती तपासणाऱ्या सरकारी समितीचा शिक्का हवा: ‘कलामूल्य नाही’. ज्याला मूल्य आहे असं ठरलं, ते चित्र देशातच राही. म्हणून इराइदाने मुद्दाम वेनियामिन लुकिच अध्यक्ष असेल तोच दिवस साधला. एखाद्या मित्राच्या मायेपेक्षा वेनियामिन लुकिचच्या द्वेषावर तिची जास्त भिस्त होती.

“नापास व्हायला एवढा नटून निघालेला चित्रकार मी पहिलाच बघतेय,” सामाईक स्वयंपाकघरातून शेजारीण अग्निया म्हणाली.

लांबच्या प्रवासाला निघण्याआधी घटकाभर गप्प टेकायचं, असा रिवाज. आज प्रवास नव्हता, तरी इराइदा पेटीवर टेकली. इनोकेंती उभाच राहिला.

“कुठे निघालोय आपण, इरा?”

ती उठली आणि चित्रं उचलू लागली.

समितीच्या खोलीत चित्रं भिंतीशी ओळीने लावली होती. दोन सभासद जांभया देत होते. वेनियामिन लुकिच आता जाड झाला होता, चालताना धापा टाकत होता. एकेका चित्रापुढून तो पुढे सरकला आणि अंगणाच्या निळ्या चित्रापाशी थांबला. बराच वेळ हलला नाही.

“मारू ना शिक्का?” एका सभासदाने विचारलं. शिक्का शाई लावून तयार होता.

“थांब.”

वेनियामिन लुकिचने चामडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. गठ्ठ्याला सुतळी होती. गाठ दुहेरी, आणि दोन्ही टोकं एकसारखी कापलेली.

इराइदाने गाठ ओळखली.

“वेनियामिन लुकिच, ही ओल आहे,” ती घाईने म्हणाली. “भिंतीची ओल. तुम्हीच म्हणाला होतात.”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो इनोकेंतीकडे बघत होता, आणि वर्गात असतानाच्या घरगुती नावाने त्याने त्याला हाक मारली.

“केशा, तेव्हा मी खोटं बोललो. एवढी वर्षं गप्प बसलो, आज बसवत नाही. ही कला आहे. यातलं एकही चित्र देशाबाहेर जाणार नाही.”

इनोकेंतीने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि लांबच्या प्रवासाआधी टेकतात तसा घटकाभर टेकला.

“मग मीही जात नाही,” तो म्हणाला.