बोईटाचा काटा

दुपारची भरती खाडीत शिरली की चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या खोलीचं छत हलायला लागतं. पाण्यावरचं ऊन खिडकीतून वर जातं आणि तिथे जाळं विणत बसतं. भाविका खाटेवर पडून तेच बघत होती. केमो घेऊन आलं की तिला सगळंच असं तरंगताना दिसायचं. छत, पंखा, दारात बसलेला बाप.

दामाजी तोंडाला मास्क लावून उंबऱ्याबाहेर बसला होता. डॉक्टरांशी बोलणं झाल्यापासून तो आत आलाच नव्हता. भर वाऱ्यात होडी घालणारा गडी, आता स्वतःच्या थुंकीला घाबरून बसला होता.

डॉक्टरांचं अर्धंच बोलणं त्याने ऐकलं होतं, पण ते अगदी कान देऊन. लेकीच्या मानेतल्या गाठीत एक विषाणू सापडला होता, हर्पीसच्या कुळातला. बहुतेकांना तो लहानपणीच लाळेतून मिळतो. आणि लहानपणी भाविकाला मासा भरवायचा तो दामाजीच. त्याच्या घरात भरवत आले तसाच: घास आधी आपल्या तोंडात घ्यायचा, जिभेने काटे वेचायचे, मग तो मऊ घास पोरीच्या तोंडात.

"बाबा, आत ये ना."

"नको गो. हितंच बरा हाय."

"अरे, तो माझ्यात आहेच. आता परत काय देणार तू मला?"

दामाजी हळूच म्हणाला, "ऱ्हातो कुठं तो?"

"रक्तातल्या पांढऱ्या पेशीत. जन्मभर निजून राहतो."

"चिखलान निवटी ऱ्हाते तसा."

"हो, तसाच." भाविका हसली. ओहोटीच्या चिखलात बिळं करून राहणारा तो चिमुकला मासा तिला क्षणभर आपल्या मानेत झोपलेला दिसला. "सगळ्यांच्यातच असतो रे, कोणाला कळत पण नाही. एखाद्याच्यातच काहीतरी बिघडतं. मग ती पेशी मरायचं विसरते आणि वाढतच जाते."

"मंग तुज्याच आंगान कनाला बिघडला?"

"ते डॉक्टरांना पण नाही माहीत. नुसत्या घासाने असं होत नाही म्हणाले. ते मात्र ऐकलं नाहीस तू."

"घास तं मीच दिला ना."

तिने डोळे मिटले. पापण्यांच्या आतही ऊन हलत होतं.

"तुला कोणी दिला, बाबा?"

दामाजी दचकला. हा विचार त्याला शिवलाच नव्हता. भरतीचं पाणी खाली काठाला लागत होतं आणि त्याला आई दिसली. मिश्रीने काळे झालेले दात, गालात घोळणारा घास, मांडीवर तोंड उघडून बसलेला तो स्वतः. तिच्यामागे तिची आई, तिच्यामागे आणखी कोणी, पार खाडीच्या तोंडापर्यंत. एकेकीच्या मांडीवर एकेक पोर, आणि प्रत्येक पोराचं तोंड उघडं.

"आयशीनं," तो म्हणाला.

"राग येतो तिचा?"

त्याने मास्क खाली ओढला. आतून तो भिजला होता. खूप दिवसांनी रडू आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

मग तो उठला. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, चुलीवरून उतरवलेल्या कालवणातला बोईट मासा ताटलीत काढला आणि खाटेशी येऊन बसला. दोर ओढून जाड झालेल्या बोटांनी काटे वेचू लागला. घास झाला तसा सवयीने हात आपल्याच ओठांकडे गेला. तिथेच थांबला. मग लेकीकडे वळला.

भाविकाने घास सावकाश चावला. मध्येच थांबली, दोन बोटांनी तोंडातून काहीतरी काढलं आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"बघ, एक राहिला."

केसाएवढा काटा होता. छतावरून उतरलेलं ऊन त्याच्यावर हलत होतं. दामाजी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"जिभंला घावला असता," तो म्हणाला.