येते हं

"कुमुदताई, येते म्हणाला होतात, आला नाहीत. बऱ्या आहात ना?" फोनवर शॉपिंग सेंटरचं दार विचारत होतं.

"बरी आहे रे बाबा. जेवलेसुद्धा."

सेंटरबाहेर दोन बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या खेचल्या गेल्यावर रहिवाशांनी मोर्चा काढून मागणी केली होती, की इथे येणारं माणूस सुखरूप आहे ना, हे सेंटरने बघावं. तेव्हापासून यंत्र बसवलेलं ते दार सगळ्यांचं बोलणं ऐकायचं आणि शब्द न् शब्द खरा मानायचं.

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या देखरेखीवरचा तावडे कुमुदताईंना हसून म्हणाला, "काकू, निघताना 'येते' म्हणू नका, 'जाते' म्हणा. मग ते छळणार नाही तुम्हाला."

"जाते म्हणू नये रे."

"यंत्राला काय त्याचं! बाकी सगळ्यांनी सवय लावून घेतली."

कुमुदताईंनी मान डोलावली. मिठाचा पुडा घेऊन त्या निघाल्या. तावडेची पाठ वळेपर्यंत दारात चप्पल नीट करत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "येते हं."

घरी तो पुडा त्यांनी आधीच्या नऊ पुड्यांवर ठेवला आणि फोनजवळ खुर्ची ओढली.