अंगठ्याची कडी

"ती परदेशी कंपनी इथला विक्रीचा भाव वाढवायला तयार आहे," वकील म्हणाले. "सही करा आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद परत सरकवला.

"सुनावणीला मालक येणार आहे का?"

"मालक कशाला येतोय? त्यांचा वकील येईल. बाई, हवं ते ताटात वाढून आलंय."

"मालकानं समोर यावं. तोट्यात माल का विकला, ते माझ्या तोंडावर सांगावं. मग लगेच सही करते. नाहीतर चालू दे केस."

वकिलांनी कपाळाला हात लावला. हट्टी अशील म्हणजे डोक्याला ताप, आणि हे अशील तर बिस्किटंही देत नव्हतं.

बाईंचा कात्र्यांचा कारखाना होता. नवऱ्यामागे त्यांनी तो एकटीनं चालवला आणि शिंप्यांमध्ये नाव कमावलं. मग बाहेरच्या देशातून एक कात्री आली, नुसत्या पोलादाच्या भावाहूनही स्वस्त. बाईंचा माल खोक्यांत पडून राहिला. धार लावायची चाकं एकेक करून थांबली. मुकादम आणि मोजकी माणसं तेवढी उरली.

कंपनी स्वतःच्या देशात ज्या भावानं विकते, त्याहून कमी भावात इथे माल ओतत असेल, तर सरकार त्यावर जादा आयात शुल्क बसवू शकतं. मुकादम कधीपासून अर्ज करा म्हणून मागे लागला होता. बाई टाळत होत्या. शेवटी त्यानं ती कात्रीच आणून टेबलावर आपटली.

बाईंचा उजवा अंगठा तरुणपणी प्रेसखाली सापडला होता. तो वाकत नसे. जन्मभर कात्र्या बनवल्या, पण स्वतःच्या कारखान्यातली कात्री त्यांना कधी धड चालवता आली नाही. या कात्रीची अंगठ्याची कडी मोठी होती, जराशी बाहेर कललेली. बाईंनी एक चिंधी घेतली आणि कापत बसल्या. चिंधी संपली तरी कात्री खाली ठेवेनात.

"आपलाच घाट चोरलाय मेल्यांनी," मुकादम म्हणाला.

"आपल्या कात्रीला अशी कडी कधी होती?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून वकिलांना बोलावलं.

हिशेब बघून वकीलही चक्रावले. त्या कंपनीला बाकी सगळ्या देशांत नफा होता. तोटा फक्त इथे.

"बाजार काबीज करायचा डाव आहे," ते म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

संध्याकाळी माणसं घरी गेली की बाई खणातून ती कात्री काढत, अंगठा कडीत घालत आणि तशाच बसत. पूर्वी चाकं इतकी घरघरायची, की कारखान्यामागच्या घरात ओरडूनच बोलावं लागे. आता तिथं हळू बोलायलाही कुणी नव्हतं. नवरा नाही, मुलगी जवळ नाही. बाईंना त्या आवाजाची फार आठवण येई.

एके काळी परदेशचे फोन यायचे. बाई नंबर बघत आणि वाजू देत. माल खपवणारे असतील, असं मुकादमानं धरलं होतं. अलीकडे ते फोन बंद झाले होते. बाई मात्र फोन हाताशी ठेवून बसत.

शेवटी वकिलांचा निरोप आला. "जिंकलात बाई. मालक येतोय."

सुनावणीच्या सकाळी बाई ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. मुकादम बघतच राहिला.

"भांडायला निघालात की लग्नाला?"

"दोन्हीकडे नीटच जायचं असतं," बाई म्हणाल्या.

दारावरच्या पहारेकऱ्यानं त्यांच्या पिशवीतली कात्री बाहेर काढली. तो पुरावा आहे, हे वकिलांना दोनदा सांगावं लागलं.

आत लांबलचक टेबल होतं. समोरच्या बाजूला कंपनीचा वकील बसला होता आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. चौकशी अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"सुरू करू या का?"

"थोडं थांबू या ना, साहेब," बाई म्हणाल्या. आवाजात इतकी अजिजी होती, की वकिलांनी वळून पाहिलं. बाईंना कशाचीतरी भीती वाटत होती. रिकाम्या खुर्चीवरची नजर त्या काढत नव्हत्या, आणि हात मात्र टेबलावरच्या कात्रीशी चाळा करत होता.

दार उघडलं. बाईंनी मान खाली घातली.

मालक म्हणून जी आत आली ती तिशीतली एक तरुणी होती. वकील चकित झाले. तिनं उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि ती समोर बसली.

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "तुमची कंपनी प्रत्येक कात्रीमागे तोटा सोसते, आणि तोही फक्त आमच्याच देशात. कारण काय?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. बाईंचा न वाकणारा अंगठा कडीत नीट बसला होता, तिकडे ती बघत होती.

"फोन तू उचलत नव्हतीस, आई," ती म्हणाली. "म्हटलं, कात्री तरी हातात घेशील."