अर्धा तास

"गाडी थांबवा, हेड गॅस्केट गेलंय," एवढंच कुंदा म्हणाली. मागे पांढऱ्या धुराचा लोट उठत होता, गोडसर वास नाकात बसला होता आणि तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता. घाटाच्या त्या वळणावरच नवऱ्यानं तिच्या थोबाडीत ठेवून दिली.

"गॅरेजवाल्याची पोर मला अक्कल शिकवणार?"

दुसऱ्या थपडेनं ओठ फाटला. पुढच्या वळणावर इंजिननं मान टाकली.

शिव्या हासडतच त्यानं बोनेट उचललं. "पाण्याची बाटली आण. आणि आता तोंड उघडलंस तर दरीत ढकलीन."

बाटली घेऊन ती शेजारी उभी राहिली. कुंदाचे वडील अशा इंजिनावर थुंकून बघत. थुंकी चुरचुरली, की अर्धा तास ना रेडिएटरचं झाकण उघडू देत, ना गार पाणी ओतू देत. तिच्या ओठातला रक्ताचा थेंब इंजिनावर पडला आणि चुरचुरत काळा झाला. नवऱ्यानं झाकणावर रुमाल टाकला. तिनं तोंड उघडलं नाही.

त्यानं झाकण पिळलं आणि उकळतं पाणी उसळून थेट त्याच्या चेहऱ्यावर आलं. गुरासारखा ओरडत तो डांबरावर लोळू लागला. "पाणी! अगं, पाणी ओत!"

कुंदानं बूच काढलं, चूळ भरली, रक्त थुंकलं आणि बूच परत घट्ट लावलं.

"अर्धा तास थांबा," ती म्हणाली. "तापलेल्यावर लगेच गार पाणी ओतायचं नसतं."