आतलं पान

"ज्या टायपात चूक, त्याच टायपात माफी छापायची रे," म्हाताऱ्या संपादकांचा हा आवाज बातमीदार श्रीनाथच्या कानात अजून होता, पण आता ते नव्हते आणि उज्जैनचा तो हिंदी पेपर त्यांच्या पुतण्याच्या हाती होता. नवं राज्य झालं, सरकारी दप्तराच्या पेट्या उज्जैनहून भोपाळला निघाल्या, एक हरवली, आणि पेपरनं कारकून गोपाळरावांना काहीही न विचारता पहिल्या पानावर चोर ठरवलं. पुढं पेटी भोपाळलाच सापडली. श्रीनाथनं पुष्कळ विनवलं, तरी खुलासा दोन ओळींचाच आला, तोही आतल्या पानावर. टावर चौकातल्या फळीवर रोजचा पेपर डकवतात, तिथं आतलं पान लाकडाकडे तोंड करून राहतं. म्हणून गोपाळरावांच्या पत्नी, मंगलावहिनी, सकाळीच वाटीत कणकेची खळ घेऊन आल्या. त्यांनी आतलं पान बाहेर करून चिकटवलं आणि तान्ह्याला थोपटावं तसं तळहातानं थोपटलं. प्रेसकडे निघालेला श्रीनाथ त्यांना दिसला. "तुमचाच पेपर ना, भाऊजी? मग वाचा मोठ्यानं." माणसं जमली. त्यानं वाचलं, "पिछले समाचार में हुई त्रुटि के लिए हमें खेद है." चहावाला हसला, "किस बात का खेद, भाभीजी?" वहिनींनी पदराला हात पुसले. घरात जो शब्द त्यांनी इतके दिवस कुणाला उच्चारू दिला नव्हता, तो त्या भर चौकात म्हणाल्या, "हमारे इनको चोर छापा था, भैया. उसका."